अकरा भट्ट्यांचा पंचनामा

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या बायकोची एक वही मला धड ठेवता आली नाही. आज हे मोकळेपणानं सांगतोय. 

मी विलास कुंभार, सरकारी लेखापरीक्षक. माझी गाडी गावात शिरली की ग्रामसेवकाला रक्तदाबाची गोळी लागायची असं लोक म्हणत, आणि मला ते ऐकायला आवडायचं. तपासणीच्या गावी मी कुणाचा चहा घेतला नाही. पाण्याची बाटलीसुद्धा घरून न्यायचो. या बाणेदारपणात निम्मं आयुष्य दौऱ्यावर गेलं. दोन मुली, माझी आई आणि कॉलेजातली रसायनशास्त्राची नोकरी हे सगळं हेमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकटीनं ओढलं. मुली आपापल्या संसाराला लागल्या, मी निवृत्त होऊन घरी आलो आणि म्हटलं, आता दोघं बसून निवांत बोलू. तर बाई घरात होत्या कुठं? तिनं नोकरी सोडली होती आणि लोणंदच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये ती कौलं भाजत होती.

गंमत बघा, कुंभाराचा मुलगा मी. माझ्या बापानं जन्मभर चाक फिरवलं, भट्टी लावली, आणि मी मात्र चिखलापासून पळून सरकारी खुर्चीत जाऊन बसलो. भट्टी शिकली ती सून. मेढ्याच्या शाळामास्तरांची मुलगी, पण सासऱ्याच्या शेजारी उकिडवी बसून ती माती ओळखायला शिकली. म्हातारा जाईपर्यंत म्हणत होता, ‘आमच्या विलासला आकडं कळत्यात, हेमाला भट्टी कळती.’

हेमाच्या गारकौलाचं शास्त्र तिनं मला तीनदा समजावलं, तेव्हा कुठं ते माझ्या डोक्यात शिरलं. उन्हात कुठलीही वस्तू तापते आणि तापलेली वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून उष्णता बाहेर टाकते. यातली बरीच उष्णता हवेतली वाफ आणि कार्बन वायू पकडून ठेवतात आणि परत आपल्याच अंगावर टाकतात. म्हणजे हवा ही पृथ्वीनं पांघरलेली गोधडीच. पण त्या किरणांतला एक पट्टा असा आहे की हवेला तो फारसा अडवता येत नाही. गोधडीला तेवढ्या जागी भोक पडलंय म्हणा. त्या पट्ट्यातली उष्णता सरळ वर अंतराळात निघून जाते, आणि तिथं थंडीला काही तोटा नाही. तेव्हा कौलाला झिलई अशी द्यायची की तिनं ऊन जवळजवळ सगळं परतवून लावावं आणि स्वतःची उष्णता नेमकी त्या भोकातून बाहेर घालवावी. मग भर दुपारी कौल भोवतालच्या हवेपेक्षाही गार राहतं, आणि विजेचा एक युनिट लागत नाही.

हेमाची झिलई अंड्यांच्या टरफलांच्या चुन्याची आणि फुटक्या काचेच्या चुऱ्याची. तिच्यात डोळ्याला न दिसणारी लाखो छिद्रं राहावी लागतात, तीच ऊन परतवतात. भट्टी जरा जास्त तापली की छिद्रं बुजतात, कमी तापली की झिलईचे पोपडे सुटतात. सगळा खेळ भाजण्याचा.

आणि गरज कुणाला नव्हती? दोन हजार त्रेचाळीस साल. एप्रिलात पारा सेहेचाळीसवर जायचा आणि तालुक्यातल्या शाळा साडेदहाला सुटायच्या, कारण अकरानंतर वर्गात पोरांना भोवळ यायची. हेमा मास्तरांची मुलगी. तिला हे सहनच व्हायचं नाही. सरकारच्या लघुउद्योग संशोधन साहाय्य योजनेत तिला पहिला टप्पा मिळाला होता, तीन वर्षांचा. त्यात छोट्या भट्टीवर प्रयोग करून कौल सिद्ध करायचं. दुसऱ्या टप्प्यात मोठी भट्टी आणि चाळीस शाळांची छपरं. त्या चाळीस शाळांची यादी तिनं शेडच्या भिंतीवर चिकटवली होती.

मग माझं काय काम? वही. योजनेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक भट्टीची नोंद ठेवायला एक जबाबदार माणूस लागतो. हेमानं माझं नाव दिलं. रोज सकाळी नऊला मी वही उघडायचो. ती तापमान सांगायची, मी लिहायचो. मग ती मिश्रणाचं सांगायची, मुलींचं सांगायची, कॉलेजातल्या जुन्या भांडणांचं सांगायची. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि सलग एवढं बोलणं आमचं पहिल्यांदाच होत होतं, ते त्या वहीच्या निमित्तानं. बायकोजवळ बसायची मला तीच एक हक्काची जागा होती, दुसरी मी कधी कमावलीच नव्हती.

शेडच्या कोपऱ्यात एक करड्या रंगाची सीलबंद पेटी होती. तिचं सरकारी नाव ‘स्वयंचलित प्रयोग पडताळणी संच’. लोक म्हणायचे ‘पंच’. पूर्वी काही पट्टीच्या लोकांनी एकच संशोधन तीन खात्यांना विकलं होतं, काहींनी न केलेले प्रयोग नुसते लिहून काढले होते. तेव्हापासून देखरेख संचालनालयानं योजनेतल्या प्रत्येक कारखान्यात असा एक पंच बसवला. त्याची युक्ती साधी होती. खोटा प्रयोग कागदावर करता येतो, पण भट्टी खोटी पेटत नाही. गॅस जळतो, पंखा घरघरतो, भिंत तापते आणि आपल्या चालीनं निवते. पंच हे सगळं ऐकायचा, मोजायचा, आणि तीन वर्षांनी वहीशी ताडून बघायचा. वहीत आहे आणि भट्टीत नाही, तर थाप. भट्टीत आहे आणि वहीत नाही, तर त्याहून वाईट.

त्याहून वाईट का, हे मला लेखापरीक्षक असूनही आधी उमगलं नव्हतं. हेमानं आमचे शेजारी अन्वर बागवान यांचं उदाहरण दिलं. त्यांचा फळांचा धंदा. ‘अन्वरभाईंनी शंभर आंबे कापले, त्यातले गोड निघालेले पाचच तुमच्यापुढं ठेवले आणि म्हणाले, बाग गोड आहे. एकही शब्द खोटा नाही, तरी तुम्ही फसलात की नाही? लपवलेला प्रयोग म्हणजे ते पंचाण्णव आंबे.’

तीन वर्षं संपली. मे महिन्यातल्या एका सकाळी दहा वाजता तपासणीसाठी संचालनालयाच्या अधिकारी आल्या, केतकी घोरपडे. तिशीतल्या, किरकोळ अंगाच्या, खांद्याला पाण्याची बाटली. हेमानं चहा विचारला.

‘नको मॅडम, आम्हाला चालत नाही.’

‘निदान पाणी?’

‘आणलंय.’

हेमा माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, ‘तुमचीच धाकटी आवृत्ती दिसतेय.’ मला ती पोरगी तिथल्या तिथं आवडली.

केतकीनं पंचाचं सील तोडलं, आपल्या यंत्राला जोडलं आणि माझी वही त्याच्यापुढं पानापानानं धरली. वही देखणीच होती. अकरा मालिका, म्हणजे झिलईची अकरा वेगवेगळी मिश्रणं, आणि प्रत्येकाच्या पाच भट्ट्या. एकही खाडाखोड नाही. मी हाताची घडी घालून उभा होतो, शाबासकीची वाट बघत.

केतकीच्या कपाळाला आठी पडली. तिनं पुन्हा सुरुवातीपासून बघितलं.

‘सर, वहीत पंचावन्न भट्ट्या आहेत. पंचानं सहासष्ट मोजल्यात.’

‘शक्य नाही,’ मी म्हणालो.

‘प्रत्येक मालिकेत एक जादा आहे, आणि दर वेळी पहिलीच. ती वहीत नाही.’

हेमानं माझ्याकडं पाहिलं. मी हेमाकडं पाहिलं. आणि मला कळलं.

आमच्यात पहिली भट्टी देवाची. नवीन माती असो, नवीन घाट असो की नवीन भट्टी, पहिल्या खेपेला जे निघेल ते घरात ठेवायचं नाही, विकायचं नाही. देवळात आणि आळीत वाटून टाकायचं. आणि मुख्य म्हणजे ते मोजायचं नाही. लहानपणी मी एकदा वाटायची गाडगी मोजत होतो तर आईनं हातावर चापट मारली होती, ‘देवाचं मोजत नाहीत रे!’ हेमाची पहिली मालिका निघाली तेव्हा आई हयात होती, खाटेवर पडून होती. तिच्या शब्दाखातर आम्ही ती चाळीस कौलं वाटली. पुढं आई गेली, पण रीत राहिली. नवीन मिश्रण आलं की पहिली भट्टी वाटायची. आणि मी, ज्यानं अख्ख्या जिल्ह्यातल्या बादल्या आणि खराटे मोजले, त्यानं अकरा वेळा वही बंद ठेवली आणि दुसरी भट्टी लागली की लिहिलं ‘भट्टी एक’. यात काही लपवतोय हे मनातसुद्धा आलं नाही. देवाचं ते, त्याची नोंद कसली?

मी हे सगळं केतकीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

‘सर, तुम्ही स्वतः लेखापरीक्षक होतात. नियम तुम्हाला मी काय सांगणार? तीनपेक्षा जास्त चाचण्या अघोषित निघाल्या तर प्रकल्प थांबतो. आणि अघोषित चाचणी कुठल्याही कारणानं राहिलेली असो, नोंद ठेवणाऱ्याला दहा वर्षं वहीला हात लावता येत नाही.’

दहा वर्षं. मी एकसष्टचा होतो.

केतकीनं अर्ज पुढं सरकवला. ‘हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारावाच लागतो. जादा भट्ट्यांपैकी काही निव्वळ पूर्वतापनाच्या होत्या का? म्हणजे रिकामी भट्टी गरम करून पाहण्याच्या? तसं असेल तर त्या चाचणीत धरत नाहीत. लहान भट्टीत रिकामी कुठली आणि भरलेली कुठली, हे पंचाला नीट सांगता येत नाही.’ एवढं बोलून ती खिडकीतून बाहेर बघू लागली.

खोटं कसं बोलतात हे मी एकतीस वर्षं समोर बसून बघितलं होतं. पेन उचलताना माणूस आधी खोकतो. मी खोकलो आणि पेन उचललं. ‘पूर्वतापन’ हा एक शब्द लिहिला की शाळा वाचत होत्या, हेमाचं नाव वाचत होतं, सकाळचे नऊ वाचत होते. खरं सांगतो, मला लाजसुद्धा वाटली नाही.

हेमानं माझं मनगट धरलं.

‘रिकाम्या भट्टीतून अंगणवाडीचं छप्पर निघालं का हो?’ ती म्हणाली.

‘हेमा, चूक माझी आहे. मला निस्तरू दे.’

‘चूक एकट्या तुमची नाही. मला दिसत नव्हतं का, पहिली भट्टी वाटतोय म्हणून? पंचवीस वर्षं पोरांना शिकवलं की एकही वाचन टाकायचं नाही. आणि इथं, सासूबाईंची रीत आहे म्हणून गप्प बसले.’ मग ती केतकीकडं वळली. ‘मॅडम, ती कौलं कुठं गेली नाहीत. गावातच आहेत, छपरांवर आहेत. आत्ता मोजली तर चालतील?’

केतकीनं घड्याळ पाहिलं. ‘नियमात नको असं कुठं लिहिलेलं नाही,’ ती म्हणाली. हे वाक्य मी नोकरीत फार वेळा उच्चारलेलं होतं.

बारा वाजता, पंचेचाळीस अंशांत, आमची वरात निघाली. पुढं हेमा, लांबून तापमान मोजायची बंदूक घेऊन. मागं खांद्यावर शिडी टाकलेला मी, आणि शेवटी डोक्याला ओढणी गुंडाळलेली केतकी. पत्ते माझ्या डोक्यात होते. कुणाला काय दिलं ते मी मोजलं नव्हतं, पण विसरलो एकही नव्हतो. प्रत्येक कौलाच्या पाठीवर मालिकेचा आकडा कोरलेला होता, त्यामुळं एखादं उचललं की काम होत होतं.

अंगणवाडीवर मालिका एक. हेमानं बंदूक रोखली, आकडा वाचला, पुन्हा रोखली. तिचा चेहरा उतरला.

‘किती?’ मी खालून विचारलं.

‘हवेपेक्षा दहा अंश जास्त.’

हे कौल हवेपेक्षा चार अंश कमी असायला हवं होतं. मरीआईच्या देवळावर मालिका दोन, तिथं नऊ अंश जास्त. दूध डेअरीवर मालिका चार, सात जास्त. नव्या मालिका जरा बऱ्या होत्या, पण जितकं कौल जुनं तितकं ते तापलेलं. साध्या पत्र्यापेक्षा कितीतरी गार, हे खरं. पण हेमानं सरकारला लिहून दिलं होतं की दहा वर्षं कौल हवेपेक्षा गार राहील आणि देखभाल काहीही लागणार नाही. तिनं ते मनानं लिहिलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या दिव्याच्या पेटीत कौलं ठेवली होती, तिथं एका दिवसात महिन्याचं ऊन आणि पाऊस भोगून होतो. पेटीत ती उत्तम टिकली.

हेमा देवळाच्या पायरीवर बसली. ‘पेटीत ऊन आहे, पाऊस आहे,’ ती म्हणाली. ‘फोडणी नाही. ट्रकचा धूर नाही. आळीतला माणूस राहतो तसं एकही कौल मी ठेवलं नव्हतं. आणि वाटून टाकलं तेवढं मोजलं नाही.’

मला तिचा हात धरावासा वाटला. केतकी होती म्हणून धरला नाही. मग वाटलं, असू दे केतकी, आणि धरला. हेमानं तो काढून घेतला नाही.

राहिली होती मालिका तीन. ती अन्वरभाईंच्या फळांच्या शेडवर होती. अडीच वर्षांची कौलं, पलीकडं रसवंतीचं धुराडं, समोर ट्रकचा तळ. मी म्हटलं, ही आता पंधरा दाखवणार. हेमा शिडीवर चढली आणि बराच वेळ खालीच येईना.

‘काय झालं?’

‘तीन अंश कमी,’ ती म्हणाली. ‘हवेपेक्षा कमी.’

केतकीनं स्वतः वर जाऊन मोजलं. तीनच कमी. कौल पांढरंशुभ्र, नुकतंच भट्टीतून काढल्यासारखं.

अन्वरभाई टोपलीतले चिकू निवडत होते. मी विचारलं, ‘अन्वरभाई, या कौलांना तुम्ही काय करता?’

‘काय करायचंय? पुसतो की.’

‘पुसता?’

‘दर शुक्रवारी. नमाजाला जायच्या आधी शिडी लावतो, साबणाच्या पाण्याचा फडका मारतो. आवो, वहिनींनी सोता हातात दिली, म्हणाल्या देवाची हायती. कुणाच्या का देवाची असंनात, धूळ खात ठिवायची व्हय?’ मग आमच्या चेहऱ्यांकडं बघून ते घाबरले. ‘का वो, पुसायची न्हवती का?’

हेमा हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं तिथंच चिकूच्या खोक्यावर बसून केतकीला समजावलं. झिलईची छिद्रं बुजलेली नव्हती. तिच्यावर धुराचा आणि तेलाचा चिकट थर बसत होता. नुसत्या पावसानं तो जात नाही, साबणानं जातो. म्हणजे कौल खरं होतं. ‘देखभाल नको’ हा दावा खोटा होता. तिनं लगेच अंगणवाडीच्या पाच कौलांवर फडका मारून पुन्हा मोजलं. दहा जास्तवरून एक कमी. पूर्वीचं सगळं परत आलं नाही, पण बरंच आलं.

मग तिनं मला वही मागितली. मी मुकाट्यानं दिली. सहासष्ट भट्ट्या, अकरा छपरं, खराब आकडे आधी, बरे नंतर, असं सगळं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘दहा वर्षं विनादेखभाल हा दावा मी मागे घेत आहे.’ हे वाक्य लिहिताना ती अडखळली नाही.  असा शेरा स्वतःवर मारणारा माणूस मला नोकरीत भेटला नव्हता.

पुढच्या महिन्यात साताऱ्याला समितीसमोर सुनावणी झाली. लांब टेबल, पाच माणसं, मधे अध्यक्ष, पिकल्या केसांचे आणि कमी बोलणारे. केतकीनं अहवाल वाचला. तिनं आमची बाजू घेतली नाही आणि विरुद्धही काही जोडलं नाही. मी मनात म्हटलं, असाच वाचावा अहवाल.

अध्यक्षांनी मला विचारलं, ‘कुंभार, तुम्ही या खात्यातले जुने माणूस. अकरा वेळा वहीत का लिहिलं नाही?’

‘साहेब, देवाचं मोजत नाहीत,’ मी म्हणालो. त्या खोलीत ते वाक्य फार बावळट वाटलं. तरी मी पुढं बोललो, ‘पण हे कारण झालं, सबब नाही. ती कौलं वाटली होती, तरी भट्टी तर सरकारच्या गॅसवर पेटली होती. नोंद माझ्याकडं होती. दोष माझा.’

हेमा उभी राहिली. ‘दोष आम्हा दोघांचा आहे. शिक्षा करायची तर दोघांना करा.’

मी टेबलाखालून तिचा पदर ओढला. ती बसली नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

‘बाई, वाटलेली कौलं मोजली नसती तर आम्ही चाळीस शाळांवर ती चढवली असती आणि तीन वर्षांनी पोरांच्या आया तुम्हाला आणि आम्हाला शोधत आल्या असत्या. अकरा भट्ट्या तुम्ही स्वतः मोजून दिल्यात, म्हणून प्रकल्पापुरत्या त्या आता अघोषित धरत नाही. दुसरा टप्पा मंजूर करतो, पण सुधारलेल्या दाव्यावर. आधी दहा शाळा, एक वर्ष, दर महिन्याला पुसायची आणि मोजायची. मग उरलेल्या तीस.’ ते थांबले. ‘नोंद ठेवणाऱ्याबद्दल मात्र समितीला सवलतीचा अधिकार नाही. विलास कुंभार यांनी दहा वर्षं या प्रकल्पाच्या वहीला हात लावायचा नाही.’

‘मी तिथं बसलेलो असतो तर मीही हेच लिहिलं असतं,’ मी म्हणालो. खरंच लिहिलं असतं. आणि लिहून झाल्यावर समोरच्या माणसाच्या तोंडाकडं बघितलंही नसतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

बाहेर पडल्यावर केतकी आमच्या मागं आली. ‘मॅडम, तपासणी संपली. आता चहा चालेल,’ ती म्हणाली. कॅन्टीनमध्ये तिनं तो पाजला, आम्हाला पैसे देऊ दिले नाहीत.

येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. हेमाला चाळीसांतल्या दहा शाळा मिळाल्या होत्या, मला आनंद व्हायला हवा होता. झालाही होता. पण उद्या सकाळी नऊला काय करायचं, हे मला कळत नव्हतं. पेपर किती वेळ वाचणार? वाढे फाटा गेल्यावर मी तिला तसं बोलूनच दाखवलं. ‘हेमा, आता मला शेडमध्ये काम नाही. मला तुझ्याजवळ बसायला फार बरं वाटायचं.’ चौतीस वर्षांत इतकं सरळ मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं.

 घाट ओलांडल्यावर ती म्हणाली, ‘मोठ्या भट्टीत कौलं रचायला माणूस लागणार आहे. पण ते अंगमेहनतीचं काम. चिखल लागतो. तुम्हाला जमणार का?’

‘मी कुंभाराचा मुलगा आहे.’

‘ते तर तुम्ही जन्मभर लपवलंत,’ ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघून हसली.

मोठी भट्टी दिवाळीनंतर उभी राहिली. हेमानं मला रचायला शिकवलं. कौल उभं धरायचं, दोन बोटं जागा सोडायची, वाऱ्याला वाट ठेवायची. म्हणजे जे माझ्या बापानं तिला शिकवलं ते तिनं मला शिकवलं, आणि शिकवताना बापाइतकीच ती माझ्यावर खेकसली. माझी कंबर धरली, नखांत माती गेली, ती निघता निघेना. पहिल्यांदा मी एकट्यानं रचलेली भट्टी तीन दिवस निवत होती. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दार उघडलं.

दोनशे चाळीस कौलांपैकी वरच्या तीन रांगा झकास निघाल्या होत्या. खालच्या कोपऱ्यात मात्र तडे आणि तुकडे. मी एकेक बाहेर काढून ठेवलं, चांगली एकीकडं, फुटकी एकीकडं. हेमा स्टुलावर बसून वहीत लिहीत होती.

‘काय लिहितेस?’

‘लांब उभे राहा. वाचून दाखवते.’ तिनं चष्मा सरळ केला. ‘मालिका बारा, भट्टी एक. कौलं दोनशे चाळीस. फुटली एकवीस. कारण, खालच्या कोपऱ्यात रचणाऱ्यानं वाऱ्याला वाट ठेवली नाही. रचणारा, विलास बाबूराव कुंभार.’

‘नाव घालायलाच हवं का?’

‘रकाना आहे.’

‘नुसतं “कामगार” लिही की.’

‘नियम आहे,’ हेमा म्हणाली. तिनं वही उलटी करून लांबूनच माझ्यापुढं धरली, मी हात पुढं करू नये म्हणून.

मी मातीचे हात पाठीमागं बांधून वाचलं. कुंभार हे आडनाव मी एकसष्ट वर्षं लावत होतो, पण कामाच्या रकान्यात ते त्या दिवशी पहिल्यांदा लागलं होतं, शेजारी बापाचं नाव आणि पुढं एकवीस फुटकी कौलं घेऊन. त्यात एकही आकडा चुकलेला नव्हता.

‘बरोबर आहे,’ मी म्हणालो, आणि पुन्हा कौलं काढायला भट्टीत वाकलो.